आमचं आमी बघतो

कोल्हापुरात कुणालाही मदत हवी का विचारून बघा. "काय न्हाई वो, आमचं आमी बघतो," हे उत्तर ठरलेलं. मग गाडी भर रस्त्यात बंद पडलेली असो, लेकीचं लग्न तोंडावर आलेलं असो, नाहीतर छातीत कळ येत असो. गावाची जडणघडणच तशी. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबागचं कुस्तीचं मैदान १९१२ साली पुरं झालं. तिथं एकदा मातीत उतरलं की आपला डाव दुसरा कुणी टाकत नाही, हे इथल्या पोराला शाळेच्या आधी कळतं. शिवाजी उद्यमनगरात शाळा अर्ध्यावर सोडलेल्या माणसांनी एकेका लेथवर संसार उभे केले आणि पुढं त्याच लेथवर दुसऱ्यांच्या पोरांना हात बसवायला शिकवलं. पाहुण्याला तांबडा-पांढरा वाढताना इथला हात सैल असतो. दुसऱ्याच्या पंगतीला फुकट बसायची वेळ आली की मात्र तोच माणूस अवघडतो, आणि घरी येऊन म्हणतो, "जेवण बरं होतं, पण मीठ कमी."

मी याच गावातला, आणि ख्रिस्ती. म्हणजे ज्या धर्मात 'स्वतःवर भिस्त ठेवू नका, देवावर ठेवा' असं दर रविवारी सांगितलं जातं, त्या धर्मातला. या दोन गोष्टी आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदल्या आणि नवल म्हणजे कधी भांडल्या नाहीत. उपासना संपेपर्यंत आम्ही देवाच्या भरवशावर; चर्चच्या दारात चपला पायांत सरकवल्या की पुन्हा आपापल्या मनगटाच्या.

देवावर हवाला ठेवणाऱ्या माणसाविषयी मराठी माणसाच्या मनात एक जुना संशय आहे. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण त्यातूनच आली. देवभोळा म्हणजे आळशी, निदान बेफिकीर तरी. पण ज्या माणसांनी खरोखरच सगळा भार देवावर टाकला, त्यांची चरित्रं वाचली तर खाटलं कुठं दिसत नाही. त्यांच्या कामाचा रेटा बघून आपल्याला धाप लागते. त्यांची अडचण निराळीच होती, आणि ती कळायला मला बरीच वर्षं लागली.

या शिकवणीचं मूळ एका पत्रात आहे. पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेलं दुसरं पत्र. पहिल्याच अध्यायात तो सांगतो, की आसिया प्रांतात त्याच्यावर असं काही ओढवलं की जिवाची आशा सुटली. काय ओढवलं ते तो सांगत नाही. आजारपण होतं, दंगल होती की तुरुंग, यावर पंडितांचे तर्क चालू आहेत. हे सगळं कशासाठी झालं ते मात्र तो सांगतो: स्वतःवरचा भरवसा मोडावा आणि मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर तो बसावा म्हणून. पाळकसाहेब या ओळींवर सुंदर प्रवचन करतात आणि तिथंच थांबतात. पण पत्र तिथं थांबत नाही. आठव्या-नवव्या अध्यायांत हाच पौल यरुशलेममधल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करतोय. मासेदोनियाच्या लोकांनी गरिबीतून किती दिलं ते सांगून करिंथकरांना जरा डिवचतोय. आणि अकराव्यात तो ताठ मानेनं म्हणतो, की तुमच्याकडून मी एक पैसाही घेतला नाही, माझी गरज भागवली ती मासेदोनियाहून आलेल्या भावांनी. तंबू शिवून पोट भरणारा माणूस. ज्यांच्यापुढं मान वर ठेवायची त्यांच्याकडून घेणार नाही, दुसऱ्यांकडून घेईल, आणि तेही सांगताना जरा कुरकुरेल. पौलाला मी मनातल्या मनात उद्यमनगरचाच धरतो.

न्यू शाहूपुरीतल्या वायल्डर मेमोरियल चर्चवरून रोज हजारो लोक जातात. हे वायल्डर कोण, असं विचारलं तर 'कुणीतरी गोरा साहेब' यापलीकडं उत्तर मिळणार नाही. आमच्या मंडळीतही फारसं निराळं नाही. रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकेतल्या व्हरमाँटचे. १८४६ साली अमेरिकन बोर्ड या मोठ्या मिशन संस्थेतर्फे पत्नी एलायझासह अहमदनगरला आले आणि १८५२ मध्ये कोल्हापुरात. शाळा हा त्यांचा ध्यास. प्रकृती ढासळली म्हणून १८५७ साली ते मायदेशी गेले. इकडं त्याच वर्षी ३१ जुलैला कोल्हापुरात सत्ताविसाव्या पलटणीनं बंड केलं. तिकडं बोर्डाच्या कचेरीत वायल्डर यांच्याविरुद्ध वेगळंच वारं वाहत होतं.

बोर्डाचे चिटणीस होते रूफस अँडरसन. मिशननं शाळांत पैसा आणि माणसं गुंतवू नयेत, उपदेश करावा, देशी मंडळ्या उभ्या कराव्यात आणि बाजूला व्हावं, असं त्यांचं मत. वायल्डर यांना शाळा सोडवेना. वाद वाढला आणि बोर्डानं कोल्हापूरचं ठाणंच सोडून दिलं. पगार गेला, संस्था गेली. वय पंचेचाळिशीला टेकलेलं, तब्येत यथातथा. वायल्डर यांनी १८६१ साली शाळांची बाजू मांडणारं पुस्तक छापलं आणि त्याच वर्षी बायकोसह पुन्हा कोल्हापूरची वाट धरली. या वेळी पाठीशी कोणतंही बोर्ड नव्हतं. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. ज्या देशातल्या लोकांच्या देणग्यांवर जगायचं, तो देश स्वतःच पेटलेला. अशा वेळी कुणी विचारलं असतं तर जवळच्या माणसानंही सांगितलं असतं, "साहेब, जरा दमानं घ्या."

१८७० मध्ये प्रेस्बिटेरियन बोर्डानं त्यांना आणि कोल्हापूरच्या कामाला पदरात घेतलं. तोवरची नऊएक वर्षं त्यांनी कुठल्याही संस्थेच्या पगाराशिवाय काढली. याच काळात, १८६३ साली, कोल्हापुरात त्यांचा मुलगा रॉबर्ट जन्मला. पुढं १८८६ मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांची जी मोठी मिशनरी चळवळ सुरू झाली, तिच्या मुळाशी हाच कोल्हापूरला जन्मलेला पोरगा होता. इथल्या मातीतनं काय काय उगवतं! कोल्हापूरच्या भूषणांच्या यादीत त्याचं नाव कुणी घेत नाही, ते सोडा.

या नऊ वर्षांना आमच्याकडं 'विश्वासाची वर्षं' म्हणायची रीत आहे. देवानं भागवलं, असं म्हणून गोष्ट संपते. मला ती तिथं सुरू होते असं वाटतं. देवानं भागवलं म्हणजे काय झालं? कोल्हापुरात आकाशातून डॉलर पडले नाहीत. वायल्डर यांनी पत्रं लिहिली. समुद्रापार कुणीतरी ती वाचली आणि आपल्या मिळकतीतून काही बाजूला काढलं. प्रत्येक पत्रामागं हा अनुभवी, वादात हार न मानणारा, हट्टी माणूस कुणापुढं तरी हात पसरत होता. बोर्डाचा पगार हक्कानं घेता येतो, देणगी तशी घेता येत नाही. मला त्यांचं धाडस समुद्र ओलांडण्यात फार दिसत नाही. तेव्हाचे गोरे लोक समुद्र ओलांडतच होते, आणि इथं त्यांच्या पाठीशी इंग्रजी सत्तेची सावलीही होती. धाडस दिसतं ते वर्षानुवर्षं घेत राहण्यात.

यातली खोच अशी, की ज्या अँडरसन यांनी त्यांना बाहेरची वाट दाखवली, तेच पुढं जगभरच्या मिशनांना 'मंडळी स्वावलंबी हवी' हा मंत्र देणारे म्हणून गाजले. मंडळीनं स्वतःचा खर्च स्वतः करावा, स्वतःचा कारभार स्वतः बघावा, स्वतःचा प्रसार स्वतः करावा. तत्त्व चांगलं आहे. परदेशी पैसा आटल्यावर आमच्या मंडळ्या टिकल्या त्या त्याच्याच बळावर. पण कोल्हापूरच्या पहिल्या विटेपासून बघितलं तर ही मंडळी घेण्यातून उभी राहिली. अमेरिकेतल्या देणगीदारांकडून घेतलं. पुढं शाहू महाराजांनी ज्या जातीजमातींच्या पोरांसाठी वसतिगृहं उभी केली त्यांत १९१५ साली इंडियन ख्रिश्चन होस्टेलही आलं. म्हणजे छत्रपतींकडूनही घेतलं.

आणि नेमकं हेच आमच्या जिव्हारी लागलेलं आहे. गावगाड्यात ख्रिस्ती घराला एक टोमणा पिढ्यान्‌पिढ्या ऐकावा लागला: पोटासाठी बाटले. दुष्काळात मिशनच्या दारात भाकरी मिळाली म्हणून देव बदलला. काहींच्या बाबतीत ते खरंही असेल. उपाशी माणसाला भाकरी देणाऱ्याचा देव जवळचा वाटला तर त्यात लाजण्यासारखं काय, हे मला आज म्हणता येतं. माझ्या आजोबांना म्हणता येत नव्हतं. त्यांनी दुसराच उपाय काढला. कुणाचं काही घ्यायचं नाही. उसनी साखर आणली तर वाटी शिगोशिग भरून परत. आजारपणात कुणी फळं आणली तर त्याच्या घरी दुप्पट. टोमण्याला उत्तर म्हणून आम्ही इतके स्वावलंबी झालो, की कृपेवर उभा असलेला धर्म आमच्या घरात राहिला तो फक्त गाण्याच्या पुस्तकात.

पंडिता रमाबाईंनी आपल्या घरच्या दुष्काळाविषयी लिहून ठेवलंय. ते वाचताना मला आजोबा आठवतात, जरी रमाबाईंचं घर त्यांच्यापेक्षा जातीनं, विद्येनं कितीतरी वर. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात घरातलं होतं नव्हतं ते संपलं. दानधर्म झाला, व्रतं झाली. भीक मागायला मान तयार नव्हती, मजुरी करायला हात शिकलेले नव्हते. आई-वडील गेले, थोरली बहीण गेली. ही सगळी माणसं उपासमारीइतकीच या ताठ मानेपायीही गेली, हे रमाबाई लपवत नाहीत.

त्याच रमाबाईंनी पुढं केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. त्यांच्या शारदा सदनाला मदत करणाऱ्या अमेरिकन मंडळानं पत्करलेली दहा वर्षांची हमी १८९८ साली संपली, आणि नेमक्या त्याच सुमारास दुष्काळातल्या मुलींचा लोंढा येत होता. आधी तीनशे, १९०० च्या दुष्काळानंतर दोन हजारांच्या घरात. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचं चरित्र रमाबाईंनी वाचलं होतं. हे म्युलर हजारो अनाथ मुलं सांभाळत आणि पैसा माणसांकडं न मागता फक्त देवाकडं मागत. (दरवर्षी कामाचा अहवाल मात्र छापत, आमचे काका म्हणायचे, "अहवाल छापला म्हंजे मागितल्यागतच की.") रमाबाईंनीही तोच रस्ता धरला. पण केडगावात त्या काळात गेलेल्या माणसाला प्रार्थना करत बसलेल्या बायका दिसल्या नसत्या. विहिरी खणल्या जात होत्या, शेती पिकत होती, माग चालत होते, घाण्यावर तेल निघत होतं, आणि छापखान्यात मुली रमाबाईंनी स्वतः केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे जुळवत होत्या. ज्या घरात मजुरीला हात तयार नव्हते आणि मागायला तोंड, त्या घरातल्या मुलीनं दोन्ही गोष्टी शिकून घेतल्या. एक दुसरीच्या आड आली नाही. काम पुढं सांभाळणारी लेक मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली आणि रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला. लेकीच्या मागं त्यांनी ते आठ-नऊ महिने काढले. भाषांतराचं काम त्या महिन्यांतही चालूच होतं.

माझी आज्जी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती. डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ साली सुरू केलेलं हे हॉस्पिटल. वान्लेस साहेब तिच्या आधीच्या काळातले, पण त्यांचा रिवाज तिच्या वेळीही चालू होता: रोगी टेबलावर घेतला की आधी प्रार्थना, मग सुरी. आज्जी सांगायची, प्रार्थना आटोपशीर असे आणि हात धुणं मात्र चांगलं लांबलचक. हे वाक्य मी अनेक प्रवचनांवरून ओवाळून टाकायला तयार आहे. हल्ली काही प्रार्थनासभांत गोळ्या बंद करा, देव बरं करील, असं सांगणारे भेटतात. साखरेच्या गोळ्या सोडून पाय गमावलेला माणूस मी पाहिलाय. याला विश्वास म्हणत नाहीत. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असं सैतानानं येशूला सांगितलं तेव्हा त्यानं देवाची परीक्षा पाहायला साफ नकार दिला होता; शुभवर्तमानातली ती गोष्ट या लोकांनी वाचलेली नसावी.

सुगी झाली की आमच्याकडं कापणीचा सण असतो. ज्याच्या शेतात, परसात जे पिकलं ते चर्चमध्ये आणायचं. वेदीपुढं उसाच्या मोळ्या, गुळाची ढेप, भुईमुगाच्या शेंगा, भोपळे, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की अंगणात लिलाव. देवाच्या घरचा असला तरी हा लिलाव कोल्हापुरी. दोन भाऊबंद ईर्षेला पेटले की एका नारळाची बोली चारशेच्या पुढं जाते आणि पाळकसाहेब हसत हसत घाम पुसतात. एका वर्षी एका म्हाताऱ्या बाईनं परड्यातला एकुलता एक लाल भोपळा आणला होता. नवरा गेलेला, पोरगा दारूत. भोपळा चढत चढत सहाशेला गेला. घेणाऱ्यानं पैसे भरले, भोपळा उचलला आणि तिच्याच मांडीवर नेऊन ठेवला, "मावशी, घरी न्या." बाईनं तो बाजूला सारला. "मी देवाला दिल्यालं. परत कसं घिऊ?" दोघांत बराच वेळ ढकलाढकली. भोवती हसणारी माणसं. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "मावशी, तुम्ही देवाला दिलात तेव्हा देवानं नको म्हटलं का?" बाईनं थोडा विचार केला आणि भोपळा पिशवीत घातला. पिशवीचे बंद तिला बांधता येईनात इतका तो मोठा होता. एवढा नेमका तर्क मी धर्मशास्त्राच्या पुस्तकांत फारसा वाचलेला नाही.

म्युलरवर शेरा मारणारे आमचे हे काका. उद्यमनगरात लेथ, मंडळीत वडील, आणि रविवारच्या प्रार्थनेत त्यांचा आवाज सगळ्यांत वर. "देवबापा, आम्ही दुर्बळ आहोत, तुझ्यावाचून आम्हांला आधार नाही," हे ते इतक्या दणदणीत आवाजात म्हणत, की दुर्बळ कोण याचा संशय यावा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा फुगली. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. पुणे-बंगळूर महामार्ग बंद. पाणी उपसणारी केंद्रंच बुडाल्यामुळं पाण्यानं वेढलेलं शहर टँकरच्या रांगेत. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीकडं काकांचं घर. तळमजल्यात पाणी आलं तरी माडीवरून त्यांचं चालूच होतं, "आमचं आमी बघतो." शेवटी तालमीची पोरं बोट घेऊन आली आणि त्यांना खांद्यावर टाकूनच खाली आणलं. "आज्जा, बघा हितनं काय बघायचं त्ये."

दसरा चौकातल्या एका बोर्डिंगात पूरग्रस्तांची सोय होती. मी दुपारी पोचलो तेव्हा खिचडीची रांग लागली होती आणि काका भिंतीला टेकून उभे. भूक नाही म्हणत होते. आदल्या संध्याकाळपासून पोटात काही नव्हतं, गुडघे थरथरत होते. वाढणाऱ्या पोरांत कुणी मुसलमान, कुणी जैन, कुणी मराठा. एक पोरगा ताट भरून त्यांच्यापुढं आला. काकांनी हात पाठीमागं नेले. हे मी समोरून पाहिलं: आयुष्यभर लोखंड कातलेले, नखांत काळं तेल मुरलेले ते हात पाठीमागं एकमेकांत गच्च अडकलेले. पोरगा काही बोलला नाही, ताट धरून उभा राहिला. मागून कुणीतरी ओरडलं, "ए, रांग थांबलीया!" काकांनी ताट घेतलं, ते रांग थांबली म्हणून. विश्वासाची मोठमोठी पावलं कधी कधी अशीच, मागच्याच्या घाईपायी पडत असावीत.

पुढं त्यांनी वाढपी व्हायचा प्रयत्न केला, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही. पाणी ओसरेपर्यंत ते नुसते घेत राहिले. सकाळी चहा, दुपारी खिचडी, कुणाची तरी जुनी बंडी, कुणाचं तरी पांघरूण. काही परत करायला वाटी नव्हती.

पुरानंतरच्या पहिल्या उपासनेत पाळकसाहेबांनी त्यांनाच प्रार्थना करायला सांगितली. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. 'आम्ही दुर्बळ आहोत' हे वाक्य त्यांनी घेतलंच नाही. वाढणाऱ्या पोरांची नावं घेतली, एकेक, आडनावासकट. त्यांतली निम्मी नावं त्या चर्चमध्ये त्याआधी कुणी प्रार्थनेत उच्चारली नसतील. पौलाच्या पत्राचा पहिला अध्याय आणि आठवा अध्याय एकमेकांना कसे लागून आहेत ते मला त्या दिवशी कळलं. २०२१ च्या जुलैत नदी पुन्हा चढली, २०१९ पेक्षाही वर गेली. बंधाऱ्यावर ३९ फूट झाल्याची बातमी आली तेव्हाच काकांची पिशवी भरलेली होती आणि बोटीची वाट न बघता ते स्वतः बाहेर पडले.

कापणीच्या सणाचा लिलाव सगळ्यांना खुला असतो, ख्रिस्ती असण्याची अट नाही. सुगीनंतर एखाद्या रविवारी सवड काढून या. सुटे पैसे आणि एक मोठी रिकामी पिशवी बरोबर ठेवा. ईर्षेनं बोली लावा. आणि कुणी काही तुमच्या पिशवीत घालू लागला, तर "आमचं आमी बघतो" एवढं म्हणू नका.